गोमाईकाठची हॅचरी आणि तापीचे मासे : पर्यावरणीय धोका कसा तपासावा

शहादा तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेला गोमाई नदीच्या काठी मत्स्यबीज केंद्र, म्हणजे हॅचरी, उभारायचे आहे. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांचे बीज, म्हणजे लहान पिले, तयार करून ते आसपासच्या शेततळ्यांना आणि तलावांना विकायचे, काही बीज गोमाईत आणि प्रकाशा बॅरेजच्या पाण्यात सोडायचे आणि पुढे जमल्यास महासीरचीही पैदास करायची, असा बेत आहे. ग्रामसभेत एका प्राध्यापकांनी ‘याने नदीतले मूळचे मासे संपतील’ असा आक्षेप घेतला. सभासदांचे म्हणणे असे की नदीत मासळी वाढवली तर नुकसान होईलच कसे? आक्षेपात तथ्य किती आणि ते तपासायचे कसे, असे सचिवांनी विचारले आहे.

आपल्या प्रस्तावात खरे तर चार वेगवेगळी कामे एकत्र आली आहेत आणि सगळा गोंधळ त्यांना एकच काम समजल्यामुळे झाला आहे. शेततळ्याला बीज विकणे, धरणाच्या जलाशयात बीज सोडणे, वाहत्या नदीत बीज सोडणे आणि दुर्मीळ माशाची पैदास करून तो नदीला परत देणे, या चारही कामांचे धोके निराळे आहेत आणि ते तपासण्याच्या कसोट्याही निराळ्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. पहिले काम योग्य बंदोबस्त करून अवश्य करावे. दुसऱ्यासाठी जलाशयागणिक वेगळा विचार करावा. गोमाईत आणि तापीत रोहू-कटलासारख्या कार्प माशांचे बीज सोडण्याचा भाग प्रस्तावातून काढून टाकावा. महासीरचे काम केंद्राची घडी नीट बसल्यावर, स्वतंत्र परवानगीने आणि स्वतंत्र टाक्यांत करावे. हे मत कशाच्या आधारावर आहे ते पुढे सविस्तर लिहितो, कारण आपल्याला ग्रामसभेत मताची नव्हे तर कारणांची गरज पडणार आहे.

धोका तपासताना बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी पाहिल्या जातात : वाईट घडण्याची शक्यता किती आणि घडले तर नुकसान किती. माशांच्या बाबतीत तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे आणि ती म्हणजे झालेले परत फिरवता येईल का. हॅचरीच्या सांडपाण्याने नाल्याचे पाणी बिघडले, तर सांडपाणी बंद केल्यावर पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत नाला बराचसा सावरतो. परंतु स्वतः वीण घालू शकणारा परका मासा एकदा नदीत रुजला की तो काढून टाकण्याचा कोणताही उपाय आज आपल्या हाती नाही. म्हणून ज्या चुका कायमच्या आहेत त्यांची शक्यता अगदी थोडी असली तरी त्यांना यादीत सर्वांत वर ठेवावे.

आता नदीकडे वळू. तापी मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात आहे. उत्तरेकडून सातपुड्यातून सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या येतात. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई येतात. हतनूर धरणानंतर खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा ही बॅरेज आहेत आणि प्रकाशाच्या खाली गुजरातमधील उकाई धरणाचे बॅकवॉटर सुरू होते. याचा अर्थ असा की प्रकाशाला सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिले) प्रकाशालाच राहील असे कोणी धरून चालू नये. पहिल्या पुरात दरवाजे उघडले की ती गुजरातच्या हद्दीत असेल आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यावर तिचा जो काही बरा-वाईट परिणाम होईल तोही आपल्याच हिशेबात धरावा लागेल. धोक्याची तपासणी गावाच्या शिवारापुरती करून भागत नाही. ती पाणलोटाची करावी लागते, आणि गोमाईच्या बाबतीत पाणलोट म्हणजे वर सातपुड्यातले झरे आणि खाली थेट उकाईपर्यंतचा तापीचा पट्टा.

खान्देशातील नद्यांचे एक वैशिष्ट्य बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही, आणि आपल्या तपासणीचा कणा तेच असले पाहिजे. बीज सोडण्याचा कार्यक्रम नेहमी श्रावण-भाद्रपदात होतो. तेव्हा नदी दोन्ही काठ भरून वाहत असते आणि एवढ्या पाण्यात दोन-पाच लाख बोटुकली कोठे जाणवणार, असे पाहणाऱ्याला वाटते. पण त्याच नदीचे चैत्र-वैशाखात काय होते ते आपण दरवर्षी पाहतो. गोमाईचे पात्र वाळूचे आणि दगडगोट्यांचे होऊन जाते आणि पाणी उरते ते मोजक्या डोहांत. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की त्या डोहांतले पाणी तापते, पहाटे त्यातला प्राणवायू अगदी कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नदीतल्या सगळ्या मूळ माशांचा पुढचा संसार या डोहांत तगलेल्या प्रजनकांवर, म्हणजे वीण घालणाऱ्या मोठ्या माशांवर, अवलंबून असतो. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली एप्रिलपर्यंत वाढून याच डोहांत येते आणि उरलेल्या पाण्याची, अन्नाची, प्राणवायूची वाटेकरी होते. नदीची धारणक्षमता म्हणून जो आकडा धरायचा तो या डोहांचा धरावा, पुराचा नव्हे. ऑगस्टमधल्या क्षेत्रफळावर काढलेले हेक्टरी संचयन, म्हणजे सोडायच्या बीजाचे प्रमाण, मला मान्य नाही.

म्हणून प्रस्तावाच्या आधी एक उन्हाळी पाहणी करावी. तिला मोठा खर्च लागत नाही. शहाद्याच्या वरपासून प्रकाशाच्या संगमापर्यंत मार्चअखेर पाणी असलेले सर्व डोह नकाशावर टिपावेत आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी, दोन-तीन ठिकाणची खोली, पहाटेचा विरघळलेला प्राणवायू आणि पाण्याचे तापमान नोंदवावे. मे अखेरीस त्याच डोहांवर पुन्हा जाऊन कोणते आटले आणि कोणते टिकले ते पाहावे. मासे पाहण्यासाठी एकाच आसाचे (छिद्राच्या एकाच मापाचे) जाळे वापरू नये. मोठ्या आसाच्या जाळ्यात रोहू-कटलाच दिसतात आणि नदीत दुसरे काही नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लहान आसाचे फेकजाळे आणि उथळ पाण्यात दगडांखाली पाहण्यासाठी हातजाळी यांचाही उपयोग करावा, कारण मूळ प्रजातींपैकी पुष्कळशा बोटाएवढ्याच असतात आणि त्या बाजारात येत नसल्यामुळे कोणाच्याही नोंदीत नसतात. पाहणी झाल्यावर शक्य तितके मासे त्याच डोहात जिवंत सोडावेत. ओळख पटत नसेल तर दोन-चार नमुने जपून मत्स्यविज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयाकडे न्यावेत. आक्षेप घेणाऱ्या प्राध्यापकांनाच या पाहणीत बोलवावे, असे मी मनापासून सुचवतो. त्यांची शंका योग्य आहे आणि त्यांचे ज्ञान आपल्या उपयोगी पडेल.

या कामात वयस्क भोई आणि भिल्ल मच्छीमारांना विचारण्याला पर्याय नाही. कोणत्या डोहात मरळ पिले घेऊन फिरते, पहिल्या पुराला वाम कोठे चढते, शिंगाळा पूर्वी कोणत्या महिन्यात मिळत असे आणि आता का मिळत नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची माहिती ऐकीव म्हणून बाजूला ठेवणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास बसत नाही. मात्र ती लिहून घेताना ठिकाण, महिना आणि साल विचारावे, म्हणजे ती पुढे पडताळता येते.

आता प्रजातींचा विचार करू. रोहू, कटला आणि मृगळ हे प्रामुख्याने गंगा, ब्रह्मपुत्रा यांसारख्या उत्तरेकडच्या नद्यांचे मासे मानले जातात. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काच्या इंजेक्शनने कार्प माशांची प्रेरित वीण यशस्वी केली. त्यानंतर हे बीज देशभर मिळू लागले आणि आपल्या जलाशयांतही ते दीर्घकाळ सोडले जात आहे. त्यामुळे तापीच्या मोठ्या जलाशयांत ते नवे नाहीत आणि त्यांच्यामुळे होणारा जादा धोका मर्यादित आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. सायप्रिनसची गोष्ट वेगळी आहे. तो परदेशी आहे, साचलेल्या पाण्यात पाणवनस्पतींवर आपोआप अंडी घालतो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात वनस्पती उगवत नाहीत आणि तळावर अंडी घालणाऱ्या मूळ माशांची जागा जाते. बंदिस्त शेततळ्यात तो ठेवायला हरकत नाही; गोमाईच्या डोहात तो येता कामा नये. आपल्या प्रस्तावात चंदेरा (सिल्व्हर कार्प) नाही ही चांगली गोष्ट आहे. हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये पुरामुळे एका मत्स्यबीज क्षेत्रातून चंदेरा निसटला. पुढे तो तेथे स्वतः वीण घालू लागला, जलाशयातला प्रमुख मासा बनला आणि कटला जवळपास नाहीसा झाला. तेथे कोणी तो मुद्दाम सोडला नव्हता. नदीकाठी केंद्र बांधताना बांधाची उंची ठरवण्यासाठी माझ्या दृष्टीने एवढे एक उदाहरण पुरेसे आहे : गोमाईला लोकांच्या आठवणीत आलेल्या सर्वांत मोठ्या पुराची खूण गावकऱ्यांकडून दाखवून घ्यावी आणि सगळी तळी व टाक्या त्या खुणेच्या वर असाव्यात. ते शक्य नसेल तर जागा बदलावी.

चिलापी (तिलापिया) आणि थाई मांगूर (म्हणजेच आफ्रिकन मांगूर) यांच्याबद्दल अधिक काटेकोर राहावे लागते, कारण ते कोणाच्याही प्रस्तावात नसतात आणि तरीही येतात. आफ्रिकन मांगूरच्या पालनावर देशात बंदी आहे. चिलापी बहुतेक वेळा बाहेरून विकत आणलेल्या बिजाच्या पिशवीतूनच येते. दोन-तीन महिन्यांत ती वयात येते आणि मादी अंडी व पिले तोंडात सांभाळत असल्याने तिची पिले फारशी मरत नाहीत. प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी उघडल्यावर बीज लगेच टाकीत ओतू नये. पांढऱ्या तळाच्या पसरट ट्रेमध्ये थोडे थोडे घेऊन उजेडात पाहावे. चिलापीचे पिलू रोहूच्या पिलापेक्षा आखूड आणि उंच दिसते, त्याच्या पाठीवरचा पर लांब आणि पुढच्या भागात काटेरी असतो आणि त्या पराच्या मागच्या भागात बुडाशी एक काळा ठिपका असतो. एकदा नजर बसली की चूक होत नाही.

पण किती पिले पाहायची? येथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा बिजात १ टक्का चिलापी आहे. आपण २०० पिले पाहिली तर एकही चिलापी न दिसण्याची शक्यता सुमारे १३ टक्के राहते. ३०० पाहिली तर ती ५ टक्क्यांवर येते. म्हणजे ३०० पिले स्वच्छ निघाली तर भेसळ १ टक्क्यापेक्षा कमी आहे असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. परंतु १ लाख बिजात अर्धा टक्का भेसळ म्हणजे ५०० चिलापी, आणि डोहात वसाहत व्हायला त्यातली एक जोडीही पुरते. म्हणून नमुना तपासणे शेततळ्याच्या गिऱ्हाईकासाठी ठीक आहे. नदीच्या बाबतीत ती तपासणी अपुरी आहे. नदीत जाणारे बीज केवळ अशाच केंद्राचे असावे जेथे बाहेरचे बीज टाकीत येतच नाही. आपले केंद्र विक्रीसाठी बाहेरून बीज आणणार असेल, तर तेवढ्याच कारणाने ते नदीसाठी अपात्र ठरते.

प्रस्तावांत न लिहिली जाणारी आणखी एक वाट म्हणजे उरलेले बीज. ठरवून सोडलेल्या बोटुकलीची नोंद होते, फोटो निघतात, पाहुणे येतात. हंगाम संपल्यावर टाक्यांत राहिलेले, गिऱ्हाईक न मिळालेले, आजारी किंवा वाढ खुंटलेले बीज मात्र टाकी धुताना नाल्यात जाते आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. माझ्या मते बहुतेक केंद्रांचा खरा धोका येथे आहे. यावर उपाय साधा आहे. सर्व टाक्यांचा निचरा एका शेवटच्या तळ्यात जावा, त्याच्या तोंडावर बारीक जाळी असावी, त्या तळ्यात स्थानिक मरळ पाळावी आणि तळ्याचे पाणी नदीला न जाता शेताला जावे. शहादा परिसरात ऊस आणि केळीला हे पाणी चांगले मानवेल. उरलेले बीज किती होते आणि त्याचे काय केले याचा रकाना नोंदवहीत हवा, आणि तो रोजच्या रोज भरलेला हवा.

यानंतर अनुवांशिकतेचा मुद्दा. प्राध्यापकांच्या आक्षेपाचा गाभा बहुधा हाच असावा. एका किलो वजनाच्या रोहू मादीपासून साधारण २ लाख अंडी मिळतात. म्हणजे पाच-सहा मोठ्या माद्या आणि तितकेच नर घेतले तर तालुक्याची गरज भागेल इतके बीज तयार होते. व्यवसायाच्या दृष्टीने ही सोय आहे आणि नदीच्या दृष्टीने हाच धोका आहे, कारण लाखो पिले एकमेकांची सख्खी भावंडे असतात. प्रजनकांची परिणामकारक संख्या, म्हणजे अनुवांशिक विविधतेच्या दृष्टीने खरे किती प्रजनक धरावेत तो आकडा, काढण्याचे सूत्र सोपे आहे : नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. २५ नर आणि २५ माद्या असतील तर उत्तर ५० येते. ५ नर आणि ४५ माद्या असतील तर मासे तेवढेच ५० असूनही उत्तर १८ येते. नर कमी ठेवून काम भागवण्याची पद्धत किती महाग पडते ते यावरून दिसेल. दर पिढीला आंतरप्रजनन (नात्यातल्या माशांची वीण) वाढण्याचा वेग म्हणजे या संख्येच्या दुपटीने एकाला भागून येणारा आकडा. पहिल्या उदाहरणात १ टक्का, दुसऱ्यात जवळपास ३ टक्के.

आता हे बीज नदीतल्या मूळ कळपात मिसळले तर काय होते ते पाहा. समजा एखाद्या स्थानिक माशाचे नदीत ५०० परिणामकारक प्रजनक आहेत आणि केंद्रातले फक्त २० आहेत. पुढच्या पिढीत वीण घालणाऱ्या माशांपैकी १० टक्के केंद्राचे असतील तर एकूण परिणामकारक संख्या सुमारे ४७० राहते, म्हणजे फारसा फरक पडत नाही. केंद्राचा वाटा निम्मा झाला तर मात्र ती ७७ पर्यंत खाली येते. नदीत मासे पूर्वीपेक्षा जास्त दिसतील, जाळे भरेल, आणि तरीही त्या कळपाचा पाया ५०० वरून ७७ वर आलेला असेल. केंद्र जितके ‘यशस्वी’ तितकी ही घसरण मोठी. म्हणूनच किती लाख बोटुकली सोडली हा यशाचा आकडा मी मानत नाही.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. टाकीत तगणारे पिलू आणि नदीत तगणारे पिलू यांचे गुण वेगळे असतात. टाकीत शत्रू नसतो, खाद्य वेळेवर मिळते, प्रवाह बेताचा असतो. तेथे निर्धास्त आणि खादाड पिलू पुढे जाते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या हूड नदीवर स्टीलहेड ट्राउटच्या पिढ्यांचा डीएनए तपासून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कृत्रिम संगोपनाच्या प्रत्येक पिढीमागे नैसर्गिक वातावरणातली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ट्राउट आणि कार्प यांच्यात पुष्कळ फरक आहे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा गोमाईला लावू नये. दिशा मात्र लक्षात ठेवावी. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने निवड पद्धतीने विकसित केलेला जयंती रोहू तळ्यात वेगाने वाढतो आणि शेततळ्यासाठी मी त्याची शिफारस करतो. तोच रोहू नदीत सोडण्याचे काहीही कारण नाही. एकाच गोल हॅचरीत कटला आणि रोहू एकत्र विणवल्याने होणारा संकरही याच कारणाने नदीपासून दूर ठेवावा.

महासीरच्या बाबतीत घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. नर्मदा आणि तापी या नद्यांतला महासीर मुख्यतः टॉर टॉर या शास्त्रीय नावाच्या जातीचा आहे. लोणावळ्याचे केंद्र ज्याच्या पैदाशीसाठी ओळखले जाते तो टॉर खुद्री, म्हणजे दख्खनचा महासीर. दिसायला जवळचे असले तरी ते वेगळे आहेत. लोणावळ्याचा महासीर कावेरीत सोडला गेला तेव्हा उद्देश चांगला होता. कावेरीचा स्वतःचा मोठ्या कुबडाचा महासीर त्यानंतर झपाट्याने कमी होत गेला आणि आलेल्या माशाने नदी भरली. त्या मूळ माशाचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले, तोवर तो अतिसंकटग्रस्त अवस्थेला पोहोचला होता. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही इतर कारणेही तेथे होतीच. पण नदीत काय आहे ते नीट ओळखण्यापूर्वीच तिच्यात दुसरे काही घातले गेले, ही गोष्ट आपण टाळू शकतो.

नंदुरबार जिल्ह्यासाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन खोरी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तर भागातले पाणी नर्मदेला जाते, शहाद्याचे तापीला. सातपुड्याची धार मध्ये असल्यामुळे दोन्हीकडचे मासे दीर्घकाळ वेगळे वाढलेले आहेत. नर्मदेचे प्रजनक आणून त्यांचे बीज गोमाईत सोडणे सोयीचे वाटेल, पण ते करू नये. ज्या नदीचे प्रजनक, त्याच नदीत बीज, हे तत्त्व येथे काटेकोरपणे पाळावे. त्यालाही एक बाजू आहे. नदीत मोजकेच मोठे महासीर उरले असतील आणि त्यांतलेच दहा-वीस आपण पावसाळ्यात, ऐन विणीच्या वेळी पकडून टाकीत आणले, तर त्या वर्षी नदीची नैसर्गिक वीण आपणच बुडवतो. शिवाय पकडताना आणि वाहतुकीत काही दगावतात. उन्हाळी पाहणीत महासीरचे मोठे मासे पुरेसे आढळले नाहीत, तर प्रजनक पकडण्याचा विचार सोडून त्यांचे डोह राखावेत. अनेरच्या बाजूला अभयारण्याचे क्षेत्र आहे. तेथून काही नेण्याआधी किंवा तेथे काही सोडण्याआधी वनविभागाची परवानगी लागेल हेही लक्षात असावे.

रोगांबद्दल थोडक्यात लिहितो. दाटीत ठेवलेल्या माशांना रोग लवकर होतो आणि नदीतल्या माशांपर्यंत तो पाण्यातून, जाळ्यांतून, माशांच्या वाहतुकीतून पोहोचतो. अंगावर जखमा करणारा ईयूएस हा बुरशीजन्य रोग १९८८ मध्ये ईशान्य भारतात प्रथम आढळला आणि नंतर देशात पसरला. थंडीत तो जास्त दिसतो आणि मरळीला फार लागतो. म्हणून बाहेरून आणलेले प्रजनक किमान तीन आठवडे वेगळ्या तळ्यात ठेवावेत, त्या तळ्याची जाळी-बादल्या वेगळ्या असाव्यात आणि नदीत वापरलेले जाळे वाळवल्याशिवाय केंद्रात आणू नये. माशांवरच्या ऊ या परजीवीसाठी वापरली जाणारी कीटकनाशके निचऱ्यातून नदीत गेली तर झिंग्यांचे आणि पाण्यातल्या किड्यांचे नुकसान होते. ब्लीचिंग पावडरने टाकी धुतल्यावर क्लोरीन उडून जाईपर्यंत ते पाणी शेवटच्या तळ्यातही सोडू नये, नाहीतर तेथील मरळ मरेल.

पाण्याचाही हिशेब करावा. हॅचरीला सर्वांत जास्त पाणी जून-जुलैत लागते, म्हणजे पाऊस लांबला तर नेमके तेव्हाच, जेव्हा गोमाईचे डोह सर्वांत लहान असतात. पाणी नदीपात्रातल्या विहिरीतून उपसणार असाल तर त्या विहिरीचा आणि जवळच्या डोहाचा संबंध आधी पाहावा : आठ दिवस सलग उपसा करून डोहाच्या काठावर रोवलेल्या खुणेवरून पातळी किती उतरते ते मोजावे. डोह उतरत असेल तर केंद्राने कितीही काळजीपूर्वक बीज तयार केले तरी नदीचे नुकसान होणारच.

सभासदांचा मूळ प्रश्न मात्र या सगळ्यानंतरही उरतो. नदीत मासळी कमी झाली आहे आणि त्यावर ज्यांची चूल पेटते त्यांनी काय करायचे? हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. पण मासळी कमी होण्याचे कारण बिजाची कमतरता हे आहे का, ते तपासायला हवे. पाहणीत पावसाळ्यानंतर मूळ माशांची बारीक पिले भरपूर दिसली आणि मेपर्यंत ती नाहीशी झाली, तर नदीत वीण होत आहे आणि कमतरता पाण्याची आहे. तेथे आणखी बीज ओतल्याने काहीच साधत नाही. पिलेच दिसली नाहीत, तर वीण होत नाही, आणि मग अडथळा कोठे आहे ते शोधावे लागेल : बंधाऱ्याने वाट अडली आहे, वाळू-गोटे उपसून विणीची जागा गेली आहे, की पहिल्या पुरालाच मासे चढत असताना जाळी लावून प्रजनक धरले जात आहेत. अमेरिकेत कोलंबिया नदीवरील धरणांनी सॅमनची वाट अडवली, तेव्हा १९३८ च्या मिचेल कायद्यान्वये भरपाई म्हणून हॅचऱ्यांना सरकारी पैसा मिळू लागला. आठ दशकांहून अधिक काळानंतरही तेथे मूळ जंगली सॅमनच्या अनेक वंशांना संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावे लागते. धरणाने जे घेतले ते हॅचरीने भरून निघत नाही, हे त्यांनी फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे.

आपल्या संस्थेच्या उत्पन्नासाठी जलाशयांत संचयन करणे हा मला अधिक योग्य मार्ग वाटतो. ज्या तलावांत रोहू-कटला आधीपासून आहेत तेथे ८ ते १० सेंटिमीटरची सशक्त बोटुकली सोडावी. जिऱ्याएवढे बीज सोडण्यात पैसा वाया जातो, कारण ते बहुतेक शिंगाळ्याच्या आणि मरळीच्या पोटात जाते. सांडवा नदीत उतरत असेल तर सायप्रिनस सोडू नये. आणि गोमाईतील टिकाऊ डोहांपैकी दोन-तीन डोह संस्थेनेच ठराव करून वर्षभर मासेमारीबंद ठेवावेत; पावसाळ्यात खालच्या पात्राला बीज देणारी हॅचरी हीच आहे, आणि तिला इंजेक्शन लागत नाही.

यानंतरही कधी नदीत बीज सोडायचे ठरले, तर सोडलेला मासा पुढे ओळखू आला पाहिजे. अमेरिकेत हॅचरीच्या सॅमनचा पाठीवरचा मांसल छोटा पर कापून खूण करतात. आपल्या कार्प माशांना तो परच नसतो. त्यामुळे पोटाकडचा एक पर कापणे किंवा पिलांना ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या द्रावणात ठेवून कानातल्या हाडावर खूण उमटवणे असे मार्ग उरतात. पहिला संस्थेला स्वतः करता येतो, दुसऱ्याला प्रयोगशाळा लागते. सगळ्यांवर खूण करणे शक्य नसेल तर ठरावीक हिस्सा खुणेचा ठेवून तो हिस्सा नोंदवावा. पुढच्या मार्च-मेमध्ये डोहांत मिळालेल्या त्या प्रजातीच्या माशांपैकी किती खुणेचे आहेत ते मोजून, त्यावरून केंद्राच्या माशांचा वाटा काढावा. मूळ प्रजातीचे बीज असेल तर हा वाटा १० टक्क्यांच्या वर जाताच पुढच्या हंगामात बीज सोडणे थांबवावे, अशी अट मी घालीन. पाहणीत कोणत्याही डोहात चिलापी किंवा थाई मांगूर आढळला, तर तो कोठून आला हे कळेपर्यंत केंद्रातून काहीही बाहेर जाऊ नये. या दोन्ही अटी, त्या कोणी मोजायच्या आणि थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे पहिली बोटुकली तयार होण्याआधी संस्थेच्या ठरावात लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे. मोजणारे संस्थेचे पगारी नसावेत; प्राध्यापक, एक वयस्क मच्छीमार आणि खालच्या बाजूच्या गावाचा एक प्रतिनिधी असे तिघे पुरेसे आहेत.